गव्याला टेकलेल्या पाठी

माघ सरत आला की कोल्हापूरच्या गाडीत बसल्या बसल्या निपाणी आल्याचं डोळे मिटूनही कळतं. तवंदीचा घाट उतरताना खिडकीतून एक तिखट, उबदार वास आत येतो आणि गाडीत कुणीतरी शिंकतं. पाठोपाठ दुसरं. परगावची माणसं रुमाल शोधतात, इथली नुसती हसतात. शिवारातली तंबाखू कापून, वाळवून, कुटून झालेली असते. वखारींच्या दारात ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. हवेत इतकी बारीक पूड असते, की उन्हाची तिरीप आत आली की तिच्यात ती तरंगताना दिसते.

परवा बहिणीकडे निघाले होते. घाट उतरता उतरता मलाही शिंक आली आणि शेजारची बाई म्हणाली, "नवीन दिसतायसा." मी म्हटलं, "न्हाय ओ, जुनीच हाय." आणि मग मला खिडकीबाहेरचं काही दिसेना. तो एक हंगाम समोर येऊन उभा राहिला.

मी पशुवैद्य आहे. आता अनगोळात राहते आणि सांबऱ्याच्या बाजूच्या गाईम्हशी बघते. पण नोकरीची पहिली वर्षं निपाणीत गेली. तेव्हा गुंगी देणं म्हणजे माझ्या लेखी बैलाचं शिंग कापण्याआधीचं, म्हशीच्या पोटावर टाके घालण्याआधीचं काम. जनावर दाव्याला बांधलेलं असायचं, मालक त्याच्या कपाळावरून हात फिरवत उभा असायचा, आणि सुई टोचली की ते माझ्याकडे जरा रागानं बघत हळूहळू गुडघे टेकायचं. त्यात धाक वाटावा असं काही नव्हतं. जनावर आणि माणूस पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखत होते.

गवा कुणालाच ओळखत नव्हता.

तो पश्चिमेच्या रानातून उसाच्या आडोशानं आला असावा. एकटा नर, कळपातून बाहेर पडलेला. आदल्या दिवशी तो कुठल्याशा शिवारात दिसला आणि पोरं मोटारसायकली घेऊन मागं लागली. या गावानं त्या गावाच्या हद्दीत हाकलला, त्या गावानं पुढच्या. सकाळी तो निपाणीत शिरला तेव्हा त्याच्या तोंडाला फेस होता. शाळेच्या रस्त्याला लागण्याआधी डाव्या हाताला एका वखारीचं फाटक ट्रॉलीसाठी उघडं होतं. तो आत वळला.

वखार बाबगोंडा आप्पांची. सत्तरीचे, पांढऱ्या टोपीचे, मोजकं बोलणारे जैन व्यापारी. त्यांनी गवा आत जाताना पाहिला, मागून येणारा पोरांचा लोंढा पाहिला, आणि धावत जाऊन स्वतःच्या हातानं फाटक ओढून घेतलं. लोक म्हणाले, आप्पांनी गाव वाचवलं. पण फाटकाला कडी घातल्यावर आप्पा तिथंच मटकन बसले. आत अंगणाच्या पलीकडे पत्र्याचं दार असलेली शेड होती आणि त्या शेडमध्ये तंबाखू निवडणाऱ्या पंचवीस-तीस बायका होत्या. शेडला दार एकच, तेही अंगणात उघडणारं. मागच्या खिडक्यांना लोखंडी गज.

मी पोचले तेव्हा आप्पा मला एवढंच म्हणाले, "डाक्टर, माझ्या बायका आत हैत."

गल्लीच्या बाजूनं शिडी लावून मला माडीवर नेलं. कचेरीच्या खोलीच्या खिडकीतून खाली अंगण दिसत होतं, आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली तो उभा होता.

म्हशी मी रोज बघत होते. तरी पहिल्यांदा मला वाटलं, झाडाची सावली घट्ट झाली आहे. मग ती सावली हलली. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत चढलेला तो उंचवटा, काळ्यावर आतून तांबूस झाक मारणारं अंग, आणि गुडघ्यापासून खाली चारी पाय पांढरे, कुणी मोजे चढवावेत तसे. दोन शिंगांच्या मधला माथा राखी. तो मान खाली घालून धापा टाकत होता आणि प्रत्येक श्वासाला जमिनीवरची तंबाखूची पूड उडत होती. मध्येच तो जोरात फुरफुरला. भिंतींवर चढलेली माणसं ओरडली. तो गर्रकन फिरला, आणि एवढं मोठं अंग इतक्या कमी जागेत इतक्या झटक्यात फिरू शकतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. शेडचं दार त्याच्यापासून चार ढांगांवर होतं.

दुपार चढता चढता वनखात्याची गाडी आली. तिच्यातून वन्यप्राण्यांचे डॉक्टर उतरले, महादेवय्या. शिमोग्याकडचे, किडकिडीत, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. गुंगीची परवानगी वरून मिळायला लागलेला वेळ त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. त्यांनी माडीवरून गव्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग भिंतीवरच्या माणसांकडे. माझ्याशी ते कन्नडात बोलले. त्यांचं पहिलं वाक्य औषधाबद्दल नव्हतं.

"हा आवाज थांबवता येईल?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. घाबरलेल्या जनावराला औषध पुरं चढत नाही. ते झोपेशी झगडत राहतं. आधीच पळून पळून त्याचं अंग तापलंय, स्नायू आतून विरघळायला लागतात, आणि मग झोपलेला प्राणी उठतो, चार पावलं जातो आणि दोन दिवसांनी मरतो. "आपण मारला असं कुणी म्हणत नाही," ते म्हणाले, "पण मारलेला आपणच असतो. मला शांतता द्या. जेवढी देता येईल तेवढी."

निपाणीच्या बाजारपेठेत, ऐन हंगामात, शांतता! मला हसूच आलं असतं. पण शेजारी ऐकत बसलेले आप्पा उठले. त्यांनी टोपी सारखी केली आणि गल्लीत गेले. भोंगा घ्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून दोन पोलीस आणि आप्पा दारोदार गेले. भिंतीवरची माणसं उतरवली. पिठाची गिरणी बंद झाली. ट्रॉल्यांची इंजिनं बंद झाली. टेपवर गाणी लावणारा रसवाल्याचा गाडा बंद झाला. शेजारच्या गल्लीतल्या मशिदीतून निरोप आला की कर्णा लावणार नाही, आणि जैनांच्या बस्तीत, म्हणजे देवळात, घंटाही वाजली नाही. शाळेतल्या बाईंनी पोरांना वर्गात बसवून बाकांवर डोकी टेकायला लावली. हळूहळू गावाचा एकेक आवाज विझत गेला आणि शेवटी दूरच्या हायवेची घरघर तेवढी राहिली. मी त्या गावात वर्षं काढली होती, पण कडुलिंबावर इतक्या चिमण्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

गवा पुन्हा झाडाखाली गेला. त्याची मान सैल पडली. कान, जे इतका वेळ ताठ होते, ते माशा हाकलायला हलू लागले.

डॉक्टरांनी जाड हातमोजे चढवून डार्ट भरला. एवढुसं औषध, चमच्याच्या तळाशी राहील इतकं. त्यांनी दुसरी एक सुई भरून माझ्या हातात दिली. "हा उतारा माणसासाठी. थेंब जरी माझ्या अंगात गेला तर मी बोलू शकणार नाही. विचार करत बसू नका, टोचा." मी ती सुई मुठीत धरली. गव्याला झोपवणारं औषध माणसाला कायमचं झोपवतं, आणि हा माणूस ते एखाद्या सरबतासारखं सावकाश भरत होता.

त्यांनी खिडकीतून नेम धरला. त्यांचा श्वास थांबला, माझाही. आणि त्यांचं नाक थरथरलं. बंदूक खाली. त्यांनी ओला टॉवेल तोंडावर दाबून अशी शिंक दिली की खांदे हलले, आवाज मात्र नाही. डोळ्यांतलं पाणी पुसत माझ्या कानाशी म्हणाले, "मी हत्तीला भीत नाही, बाई. तुमच्या तंबाखूला भितो."

दुसऱ्या वेळी फट्ट असा बारीक आवाज झाला आणि गव्याच्या मांडीवर गुलाबी शेपटीचा डार्ट दिसला.

तो उसळला. दोन उड्यांत अंगण ओलांडून सरळ शेडवर गेला आणि पत्र्याच्या दारावर त्याचं शिंग आदळलं. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. दार आत वाकलं. मी आतल्या किंकाळ्यांची वाट बघत राहिले.

किंकाळी आली नाही. हूं नाही की चूं नाही. माझ्या मनात नको ते सगळं येऊन गेलं. बाहेर फाटकाशी आप्पांनी डोळे मिटून घेतले होते.

गवा दारापासून मागं सरला. थोडा वेळ तसाच उभा राहिला, काहीतरी विसरल्यासारखा. मग चालू लागला, पाय उंच उंच उचलत, जणू पाण्यातून चालतोय. मान वर गेली, मग खाली आली. एक फेरी, अर्धी फेरी. पुढचे गुडघे टेकले, मग मागचा भाग बसला. इतक्या जड अंगाची इतकी हलकी बसणी मी कधी पाहिली नव्हती. चिमण्यांपैकी एकही उडाली नाही.

"मेल्लगे," डॉक्टर म्हणाले. हळू.

आम्ही जिना उतरलो. त्यांनी लांब बांबूनं त्याच्या कानाला स्पर्श केला. हालचाल नाही. मग ते मला म्हणाले, "उसिरु. फक्त श्वास बघायचा. बाकी काही बघू नका." मी त्याच्या डोक्याशी गुडघे टेकले. त्याचे डोळे उघडेच होते, तपकिरी, खोल, आणि त्यांत मी होते, अख्खं अंगण होतं, पण बघणारा तिथं नव्हता. मी त्यांत मलम घातलं आणि ओल्या फडक्यानं डोळे झाकले. कानांत कापसाचे बोळे घातले. त्याच्या नाकपुडीपुढे तळवा धरला. गरम वाफ यायची, थांबायची, यायची.

माणूस झोपतो तेव्हा तो कुणाच्या तरी भरवशावर झोपतो. आईच्या, दाराच्या कडीच्या, उद्याच्या. ह्यानं भरवसा कुणावर टाकला होता? कुणावरच नाही. आम्ही तो त्याच्याकडून न विचारता काढून घेतला होता. आता त्याची पुढची प्रत्येक वाफ माझ्या तळव्याला बांधलेली होती.

तेवढ्यात तो कलंडला. छातीवर बसलेला देह एका कुशीवर गेला आणि डावं पोट फुगायला लागलं. गाईम्हशींचं मला माहीत होतं. असं आडवं पडलेलं रवंथ करणारं जनावर पोटातल्या वायूनं स्वतःचाच श्वास कोंडतं. डॉक्टर, मी आणि वनखात्याचे दोघं, आम्ही चौघांनी खांदे लावले. डोंगर ढकलावा तसं झालं. फाटक उघडून माणसं बोलवावीत, तर ते लोखंडी फाटक गंजलेलं, त्याची किंचाळी अख्ख्या गल्लीला माहीत. शिवाय मागं सगळी गर्दी. शिडीवरून एकेक माणूस आणायला वेळ नव्हता.

डॉक्टरांनी शेडकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमची भाषा ऐकतील त्या?"

मी वाकलेल्या दाराच्या फटीशी तोंड नेलं. "शांताक्का, ऐकू येतंय?"

शांताक्का म्हणजे शेडमधली सगळ्यांत थोरली. फटीतून तिचा एक डोळा दिसला. "हाय आम्ही," ती कुजबुजली. "सगळ्या हाय. पदर कोंबून बसलोय तोंडात. शिंक आली तर मेलोच की."

"बाहेर येशीला? गवा झोपलाय. त्याला आधार द्यायला माणसं पाहिजेत. पण भीती वाटत असेल तर नको. जबरदस्ती न्हाय."

ती मागं वळून काहीतरी बोलली. दार आतून उचलून बाजूला केलं गेलं, आवाज न होता, आणि एकेक करून त्या बाहेर आल्या. अनवाणी. चपला आतच. तोंडांत पदर, भुवयांवर, पापण्यांवर पिवळी पूड, डोळे लाल. ज्यांनी आत राहायचं ठरवलं त्या दाराशी उभ्या राहिल्या. बाकीच्यांना डॉक्टरांनी हातानंच दाखवलं, आणि मला सांगितलं ते मी कुजबुजून सांगितलं: डॉक्टरांनी हात वर केला की जिन्याकडे पळायचं, मागं बघायचं नाही.

मग डॉक्टरांनी बोटं मिटली आणि उघडली, आणि त्या सगळ्यांनी एकदम खांदा लावला. गवा हलला. पुन्हा. तो छातीवर बसता झाला आणि मी परत त्याच्या नाकपुडीशी गेले. पण सोडला की परत कलंडणार. शांताक्कानं कुणाला विचारलं नाही. ती वळली, त्याच्या बरगड्यांना पाठ लावून खाली बसली आणि पाय जमिनीत रोवले. जवळच्या दुसरीनं तसंच केलं. मग तिसरीनं. काही या बाजूला, काही त्या. अंगणाच्या मध्ये तो काळा देह आणि त्याला दोन्हीकडून पाठी टेकून, गुडघे उभे धरून बसलेल्या त्या बायका. बोदांना टेकून जेवायला बसतात तशा. आमच्याकडे तंबाखूच्या मोठ्या पोत्यांना बोद म्हणतात. फक्त हे बोद श्वास घेत होतं, आणि श्वासागणिक त्या सगळ्या किंचित वर उचलल्या जात होत्या, किंचित खाली येत होत्या.

शांताक्काच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं त्याला मला आजही शब्द सापडत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले.

"ह्याचं काळीज माझ्या पाठीत वाजालंय गं."

आणि त्याच वेळी माझ्या तळव्यावरची वाफ थांबली.

मी थांबले. आत्ता येईल. आली नाही. त्या उचलल्या जाईनाशा झाल्या, त्यांनाही कळलं. पाठीपाठींतून ते एकदम सगळ्यांना कळलं. "उसिरु इल्ला," मी म्हटलं. श्वास नाही. माझा आवाज मलाच परका वाटला. डॉक्टर घाई न करता आले. मी त्याची जीभ बाहेर ओढली. खरबरीत, जड, माझ्या दोन्ही मुठींत मावेना. त्यांनी मान पुढे ताणून धरली, कानाच्या शिरेत काहीतरी टोचलं, आणि छातीवर उघड्या हातानं थाप मारली. एकदा, पुन्हा एकदा. एक पोरसवदा सुनेच्या वयाची बाई डोळे मिटून पुटपुटत होती. गल्ली गप्प. चिमण्याही गप्प झाल्या होत्या की मला ऐकू येईनासं झालं होतं, कोण जाणे.

मग त्या सगळ्या एकदम वर उचलल्या गेल्या.

तो श्वास असा आला की जमिनीवरची पूड माझ्या तोंडावर उडाली आणि माझे हात कोपरापर्यंत भिजले. कुणी ओरडलं नाही. शांताक्काच्या डोळ्यांतून पाणी मात्र पिवळ्या पुडीतून सरळ खाली ओघळलं आणि तिनं ते पुसलं नाही, कारण हात हलवायचा नव्हता.

त्यानंतर सगळं नीट झालं. आप्पांनी घरातून शेंगतेलाचा डबा मागवून फाटकाच्या बिजागऱ्यांवर आणि चाकावर ओतला, आणि ते फाटक त्यांच्या हयातीत पहिल्यांदा न किंचाळता उघडलं. वखारीचे हमाल आत आले. त्यांनी एकावर एक तरटं घालून गव्याच्या अंगाखाली सारली. एरवी बोद ओढताना हे लोक गल्ली दणाणून सोडतात. त्या दिवशी त्यांचा म्होरक्या फक्त बोट उचलायचा आणि सगळे एकदम ओढायचे. मी डोक्याबरोबर चालत होते, तळवा नाकपुडीपुढे. फळ्यांवरून वर, ट्रकवरच्या लाकडी पिंजऱ्यात. डॉक्टरांनी उतारा टोचला, डोळ्यांवरचं फडकं आणि कानांतले बोळे काढले आणि ते मागं सरकत बाहेर आले. दार खाली पडलं. थोड्या वेळानं ट्रक एका बाजूला झुकला, मग सरळ झाला. तो उभा राहिला होता.

टाळ्या वाजल्या नाहीत. गल्ली तशीच उभी होती. शेवटी आप्पा बायकांसमोर आले, हात जोडले आणि म्हणाले, "आज काम न्हाय. घरला जावा." एकही गेली नाही. ट्रक वळणाआड जाईपर्यंत त्या अनवाणीच उभ्या होत्या.

मी ट्रकबरोबर गेले. खानापूरच्या पलीकडे, जिथं रस्ता संपून लाल माती लागते, तिथं उन्हं झाडांच्या शेंड्यांवर असताना पिंजरा उघडला. तो लगेच पळाला नाही. उतरला, उभा राहिला. हवा हुंगली. आमच्याकडे पाहिलं की नाही, सांगता येत नाही. मला वाटतं नाही पाहिलं. मग तो चालत गेला, त्याच्याच चालीनं, आणि कारवीच्या झुडपांनी त्याला आत घेतलं तेव्हा फांदी मोडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. महादेवय्या गाडीला टेकून उभे होते. पुढे कितीतरी दिवस वनखात्याची माणसं त्याच्या मागावर राहिली. तो चरत होता, चालत होता. तो जगला.

दोन दिवसांनी मी वखारीत गेले. शेडला नवं दार बसवत होते. बायका निवडायला बसल्या होत्या आणि सगळ्या एकदम बोलत होत्या, मागच्या गप्पपणाचं उट्टं काढल्यासारख्या. शांताक्कानं मला शेजारी बसवून घेतलं. हातातली तंबाखू निवडता निवडता तिनं विचारलं,

"डाक्टर, त्याला काय याद ऱ्हाईल व्हय गं? आम्ही टेकून बसलेलो?"

खोटं बोलावंसं वाटलं मला. पण ज्या बाईनं त्याचं काळीज पाठीत ऐकलं, तिला खोटं कसं सांगायचं. "न्हाय आक्का," मी म्हटलं. "औषधच तसं असतंय. त्याला त्यातलं काहीसुदिक आठवायचं न्हाय."

तिचे हात थांबले. मला वाटलं, तिला वाईट वाटलं. तिनं अंगणातल्या त्या जागेकडे बघितलं, जिथं आता ट्रॉली उभी होती.

"बरं झालं," ती म्हणाली. "माणसांची याद कशाला पायजे त्याला. आमाला हाय की."